ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येते? बायकांनी स्वतःच्या नावाने पैसा कसा उभा करायचा (नागपूरकरणींसाठी)

आधी एक काम करा. बँकेचं, आधारचं, विम्याचं, जिथून जिथून ओटीपी येते तिथं मोबाईल नंबर कोणाचा दिला आहे ते बघा. नवऱ्याचा, भावाचा नाहीतर पोराचा निघाला तर पगार पन्नास हजार असो की पाच हजार, तो पैसा तुमच्या हातात नाही. माझ्या ओळखीत सरकारी नोकरीतल्या बाई आहेत, नवऱ्यापेक्षा जास्त कमावतात, पण एटीएम कार्ड मिस्टरांच्या पाकिटात आणि नंबरही त्यांचाच, त्यामुळे बर्डीवर दोनशे रुपयांची ओढणी घ्यायची तरी फोन लावून विचारतात. घरात भांडण वगैरे काही नाही बरं का, सगळं गोडीगुलाबीनं चालू आहे. पण उद्या त्या मिस्टरांना काही झालं तर स्वतःचाच पगार काढायला बाईंना आधी बँकेत अर्ज करावा लागेल.

मी लग्नानंतर नोकरी सोडली, काही वर्षं घरीच होते, मग शिकवण्या सुरू केल्या आणि तेव्हापासून एकेक गोष्ट स्वतःच्या नावाने करत आले. बँक, पोस्ट, झोन ऑफिस, रजिस्ट्रार ऑफिस, सगळीकडच्या चकरा झाल्या. तुमच्या निम्म्या तरी वाचाव्या म्हणून हे लिहून राहिली आहे. मी सीए नाही, कोणती स्कीमही विकत नाही.

१. कागदं एका नावावर आणा

हे कंटाळवाणं काम आहे, पण हेच नाही केलं तर पुढचं सगळं अडते. लागणारी कागदं: आधार, पॅन, स्वतःच्या नावाचं सिमकार्ड, विवाह नोंदणीचा दाखला, पासपोर्ट साईज फोटो, पत्त्यासाठी लाईट बिल किंवा भाड्याचा करारनामा.

आपल्याकडं लग्न झालं की बाईचं मधलं नाव बदलते, आडनाव बदलते, कोणी कोणी हौसेनं पहिलं नावही बदलून टाकते. मग दहावीच्या मार्कशीटवर एक बाई, आधारवर दुसरी, पासबुकावर 'सौ.' लावलेली तिसरी. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा काही कायदा नाही, माहेरचं नाव ठेवून सगळे व्यवहार करता येतात. बदलायचं असेल तर खुशाल बदला, पण मग सगळीकडं एकदाच बदला आणि 'सौ.', 'श्रीमती' कुठंच घालू नका, स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळू द्या. क्रम असा ठेवा: महानगरपालिकेच्या आपल्या झोनमधून विवाह नोंदणीचा दाखला, मग आधार, मग पॅन, मग बँक. उलटं केलं की परत परत जावं लागते. नागपुरात मनपाचे १० झोन आहेत, आपली वस्ती कोणत्या झोनमध्ये येते ते घर टॅक्सच्या पावतीवर दिसते.

पॅनचा फॉर्म भरून देणारे काही दुकानदार लग्न झालेल्या बाईचं म्हटलं की वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव टाकून देतात. ते चूक आहे. पॅनवर वडिलांचं नाव येते, किंवा आईचं घेता येते. नवऱ्याचं नाही. फॉर्मवर सही करायच्या आधी तेवढं बघून घ्या.

२. एक खातं फक्त तुमचं

जॉइंट खातं असू द्या, घरखर्चाला ते सोयीचंच पडते. पण 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' या पद्धतीच्या खात्यातून दोघांपैकी कोणीही एकटा सगळे पैसे काढू शकते आणि बँक त्याला काहीच विचारत नाही. म्हणून पगार, शिकवणीची फी, डब्याचे पैसे, माहेरून आलेलं काही, हे सगळं तुमच्या एकटीच्या खात्यात. जनधन खात्याला मिनिमम बॅलन्स लागत नाही, त्यामुळे पैसेच नाहीत तर खातं कसं उघडू हा प्रश्नच नाही. मोबाईल नंबर तुमचा, कार्ड तुमच्या पर्समध्ये, पिन तुमच्या डोक्यात. कार्डाच्या मागं पिन लिहिणाऱ्या बायका मी स्वतः पाहिल्या आहेत, हसू नका.

लाडकी बहीणचे १५०० रुपये येत असतील आणि कुठं जमा होऊन राहिले तेच कळत नसेल, तर त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असते. हा पैसा फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाही, डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) आधार ज्या खात्याला जोडलेलं आहे तिथं जाते, आणि ते कधीकाळी गॅस सबसिडीसाठी उघडलेलं विसरलेलं खातंही असू शकते. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग या खात्याला करून द्या' असं स्पष्ट म्हणा. नुसतं 'आधार लिंक करा' म्हटलं तर केवायसी करून परत पाठवतात.

नॉमिनी लगेच भरा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला ४ पर्यंत नॉमिनी ठेवता येतात, प्रत्येकाचा टक्काही लिहून देता येते. नोकरी करत असाल तर पीएफचं नॉमिनेशन लग्नानंतर नव्यानं करावं लागते, लग्नाआधी आईबाबांच्या नावानं केलेलं लग्न झालं की आपोआप बाद होते. आणि नोकरी सोडली की पीएफ काढून सोफा आणायचा हा प्रकार बंद करा, नवीन नोकरीत ट्रान्सफर करा.

३. आधी गल्ला, मग गुंतवणूक

तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च हात लावला की निघेल असा ठेवा. बचत खातं, छोट्या छोट्या एफडी, पोस्टाची आरडी (महिना १०० रुपयांपासून होते). डाळीच्या डब्यात ठेवायचे त्या पाच-सात हजारांना माझी हरकत नाही, ते असावेतच. पण चाळीस हजार डब्यात ठेवणाऱ्या काकूंना २०१६ च्या नोव्हेंबरात काय झालं ते आठवत असेल, घरच्यांपासून लपवलेला पैसा सगळ्यांसमोर मोजून द्यावा लागला.

४. पैसा कुठं ठेवायचा नाही

खरं सांगू का, नागपुरात बायकांचा पैसा शेअर बाजारात जेवढा बुडला नसेल तेवढा ओळखीच्या माणसाकडं बुडला आहे. म्हणून यावर जरा थांबते.

*पतसंस्था.* कॉलनीतली पतसंस्था, संचालक ओळखीचे, दुपारी घरी येऊन डेली कलेक्शन घेणारा पोरगा गोड बोलणारा, आणि व्याज बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त. सगळ्याच पतसंस्था वाईट असतात असं मी अजिबात म्हणत नाही. पण बँक बुडाली तर डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेची ठेवींचा विमा करणारी कंपनी) विम्याचं संरक्षण असते, एका बँकेत एका माणसाला व्याजासकट ५ लाखांपर्यंत, आणि ते सहकारी बँकेलाही लागू आहे. पतसंस्थेला नाही. पाटीवर 'अर्बन को-ऑप. बँक' लिहिलं आहे की 'अर्बन क्रेडिट को-ऑप. सोसायटी' ते नीट वाचा, दोन्ही पाट्या दुरून सारख्याच दिसतात. आणि बँकेतही पाच लाखांच्या वर ठेव असेल तर दोन बँकांत वाटून ठेवा.

*शेकडा दोन टक्के.* कोणीतरी व्यापारी, घरचाच माणूस, 'वहिनी, माझ्याकडं ठेवा, महिन्याला दोन टक्के देतो.' महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस. बँक ज्याला बारा टक्क्यांनी कर्ज देत नाही तोच माणूस तुम्हाला चोवीस देतो म्हणतो, यातच उत्तर आलं. सहा-आठ महिने व्याज बरोबर तारखेला येते, मग बाई स्वतःच मावशीचे अन् नणंदेचे पैसेही आणून देते. पुढं काय होते ते तुम्हाला माहीत आहे. अशा ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, तक्रार आर्थिक गुन्हे शाखेत होते, पण मालमत्ता जप्त होऊन पैसे परत मिळेपर्यंत पोरं लग्नाला येतात. कोणी ठेवी घ्यायला परवानगी असलेलं आहे की नाही ते रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर बघता येते, तक्रारही तिथंच टाकता येते.

*भिशी.* भिशी करा, मजा येते, पोहे-चिवडा होते, एकदम रक्कम हातात येते. पण तिला गुंतवणूक म्हणू नका. १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदणी नसलेल्या भिशीत कोणी पहिल्याच महिन्यात पैसे उचलून पुण्याला राहायला गेलं तर तुमच्याकडं दाखवायला वहीच्या पानाशिवाय काही नसते. जेवढे गेले तर झोप उडणार नाही तेवढेच लावा.

*फायनान्सवाल्यांचं गटाचं कर्ज.* वस्तीत दहा बायका जमवून हप्त्यानं कर्ज देणारे येतात. नाव बाईचं, सही बाईची, पैसा नवऱ्याच्या ऑटोला किंवा दिराच्या लग्नाला. हप्ता थकला की दारात माणूस बाईच्या नावानं ओरडते. एवढं माहीत असू द्या: २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं अशा कर्जाला काही तारण घेता येत नाही, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या घर-उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. आपला बचत गट वेगळा. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) किंवा उमेदशी (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) जोडलेल्या गटात बचत तुमची, वही तुमची, बँकेचं कर्ज स्वस्त. गट धरायचा तर तसा धरा.

जाता जाता, नवऱ्याच्या किंवा भावाच्या कर्जावर 'फक्त सही कर' म्हटलं तर सही कर्जदार म्हणून आहे की जामीनदार म्हणून ते विचारा. दोन्हीत वसुली तुमच्यापर्यंत येते आणि तुमचा सिबिल स्कोअर (कर्ज फेडण्याच्या सवयीचे गुण) खाली जाते. वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून आपला रिपोर्ट फुकट मिळते, काढून बघा, कधी कधी आपल्या नावावर काय काय निघते ते पाहून बायका थक्क होतात.

५. विमा, थोडक्यात

दोन स्वस्तातले आधी घ्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये (अपघाताचे २ लाख, वय १८ ते ७०), प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये (मृत्यूचे २ लाख, १८ ते ५० मध्ये सुरू करायचा). दोन्ही बँकेतच होतात, वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणून मे महिन्यात खात्यात तेवढे पैसे राहू द्या. घर तुमच्या कमाईवर चालत असेल तर टर्म इन्शुरन्स (नुसता मृत्यूचा विमा, बचत नाही) घ्या, बायकांना प्रीमियम कमी बसते. आरोग्य विमा स्वतःचा वेगळा ठेवा, नवऱ्याच्या कंपनीचा नोकरी सुटली की जाते.

नवऱ्याचा टर्म प्लॅन काढून राहिले असाल तर फॉर्म भरतानाच 'एमडब्ल्यूपी कायद्याखाली' असं करून घ्या. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे, त्याखाली काढलेल्या पॉलिसीचा पैसा बायको आणि मुलांचा, नवऱ्याचे घेणेकरी त्याला हात लावू शकत नाहीत. धंदा असलेल्या घरात तर हे सोडूच नका. पॉलिसी निघाल्यावर मागून हे लावता येत नाही, आणि एजंट स्वतःहून सहसा सांगत नाही.

बाकी 'विमा पण अन् बचत पण' वाली पॉलिसी मावसदीर विकायला आला तर चहा पाजा. घेऊनच बसला असाल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

६. लांबचा पैसा

पीपीएफ. घरी बसलेल्या बाईलाही उघडता येते, उत्पन्न दाखवावं लागत नाही. वर्षाला कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख, मुदत १५ वर्षं, एप्रिल २०२० पासून दर ७.१ टक्के चालत आला आहे, तो सरकार दर तिमाहीला जाहीर करते म्हणून जायच्या आधी बघून घ्या. महिन्याला २००० टाकले तर १५ वर्षांत भरणा ३ लाख ६० हजार आणि याच दरानं हातात साधारण ६ लाख ३० हजार, तेही करमुक्त. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, ६ तारखेला भरलं तर त्या महिन्याचं व्याज गेलं. मला पीपीएफ आवडायचं खरं कारण वेगळंच आहे, ते मधेच सहज मोडता येत नाही. दिराला गाडी घ्यायची आहे, नणंदेच्या घरचं कार्य आहे, 'तुझ्याकडं आहेत ना पडून' असं कोणी म्हटलं की सरळ सांगायचं, सरकारनं अडकवून ठेवले आहेत हो.

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी. वर्षाला २५० पासून दीड लाखापर्यंत, भरायचे १५ वर्षं, खातं पिकते उघडल्यापासून २१ वर्षांनी, जानेवारी २०२४ पासून दर ८.२ टक्के. अठरा झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणाला निम्मे काढता येतात. मात्र तो पैसा मुलीचा आहे, तुमचा नाही. तुमच्या म्हातारपणाचं सगळं त्यात टाकून मोकळ्या होऊ नका, हे आई लोक फार करतात. आणि महिला सन्मान बचत पत्र अजून मिळते का म्हणून पोस्टात जाऊ नका, ते ३१ मार्च २०२५ ला बंद झालं.

एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात टाकणं. पगार किंवा नियमित कमाई असेल आणि दहा-पंधरा वर्षं हात न लावण्याची तयारी असेल तर म्युच्युअल फंड हवाच, कारण महागाई नुसत्या एफडीला खाऊन टाकते. नवीन असाल तर निफ्टी ५० चा साधा इंडेक्स फंड (५० मोठ्या कंपन्यांत पैसा वाटून टाकणारा) पुरे. महिना ३००० रुपये २० वर्षं, म्हणजे खिशातून ७ लाख २० हजार, वर्षाला १० टक्के धरले तर साधारण २३ लाख होतात. धरले तर म्हटलं आहे, कोणी लिहून देत नाही. २००८ मध्ये सेन्सेक्स निम्म्याच्याही खाली आला होता, मार्च २०२० मध्ये महिन्याभरात धाडकन पडला होता, आणि दोन्ही वेळा घाबरून काढणाऱ्यांचं नुकसान पक्कं झालं. 'डायरेक्ट' प्लॅनमध्ये एजंटचं कमिशन नसते, 'रेग्युलर'मध्ये असते. मोबाईलवर स्वतः करायला जमते तर डायरेक्ट घ्या. फॉर्मवर बँक खातं, मोबाईल, ईमेल तिन्ही तुमचेच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टिप्स देणारे 'सर' आणि 'मॅडम' ब्लॉक करा.

एक टॅक्सची गोष्ट. नवऱ्यानं तुम्हाला पैसे दिले तर त्या भेटीवर टॅक्स नाही, पण ते एफडीत टाकले की त्याचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात मोजलं जाते. त्या व्याजातून पुढं जे मिळेल ते मात्र तुमचं. कमाई कमी असली, टॅक्स शून्य निघत असला तरी रिटर्न भरत जा. शिकवणी, ब्लाउज, डबे, पार्लर, यांच्या कमाईचा दुसरा पुरावाच नसते, आणि उद्या गृहकर्जाला बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतेच.

आता सोनं. घ्या, मीही घेते, धनत्रयोदशीला इतवारीत सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते त्यात मीही असते. पण दागिना म्हणजे हौस अधिक थोडी बचत. मजुरी गेली, ३ टक्के जीएसटी गेला, खड्यांचं वजन गेलं, मोडायला गेलं की कळते. हॉलमार्कसोबत सहा अक्षरी एचयूआयडी बघा, एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे, 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकला की दागिना खरा की नाही तिथंच कळते. पक्कं बिल घ्या आणि बिलावर नाव तुमचं. लग्नात माहेरून-सासरून मिळालेलं सगळं सोनं स्त्रीधन आहे, ते सासूबाईंच्या लॉकरमध्ये असलं तरी मालकी तुमचीच, सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्येच हे सांगून टाकलं आहे. लग्नाच्या अल्बममधले दागिने दिसणारे फोटो आणि बिलं मोबाईलमध्ये एका फोल्डरला ठेवा. भांडायचं नसलं तरी ठेवा.

७. प्लॉट आणि घर: इथं नागपूरकर हमखास अडकते

आपल्या शहराला प्लॉटचं भारी वेड. रविवारी गाडी पाठवून उमरेड रोड, वर्धा रोड, काटोल रोडच्या लेआउटवर नेतात, नाश्ता देतात, 'किस्तीवर घ्या वहिनी, पुढच्या वर्षी डबल' म्हणतात. बायकांच्या नावानं स्वस्तातला प्लॉट म्हणून बरेच जण असेच घेतात आणि मग वीस वर्षं रजिस्ट्रीच होत नाही.

बघायचं काय?

जमीन एनए (बिगरशेती) झाली आहे का. लेआउट मंजूर कोणी केला, शहरात नागपूर सुधार प्रन्यास किंवा मनपा, शहराबाहेर एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). शहरातल्या जुन्या गुंठेवारी (मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या) लेआउटमध्ये 'आरएल', म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आहे का आणि ते त्याच प्लॉट नंबरचं आहे का. 'आरएल होऊन जाईल' हे वाक्य ऐकलं की उठून घरी या, आरएल हातात असते नाहीतर नसते. ५०० चौरस मीटरच्या वरच्या नवीन लेआउटला महारेरा नंबर लागतोच, तो महारेराच्या साईटवर टाकून स्वतः बघा. सातबारा किंवा आखीव पत्रिका ताजी काढा आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च करून घ्या. त्याच्या फीमध्ये कंजूषी नको.

बयाणा चेकनं द्या, रोख नाही. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करारनामा म्हणजे मालकी नाही. विक्रीपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदणी झालं, इंडेक्स टूवर (नोंदणीच्या उताऱ्यावर) तुमचं नाव आलं, फेरफार (सरकारी दप्तरात मालकाचं नाव बदलणं) झाला, घर टॅक्स तुमच्या नावानं यायला लागला, तेव्हा तो प्लॉट तुमचा.

महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून राहतं घर किंवा फ्लॅट बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ४० लाखांच्या फ्लॅटला ४० हजार वाचतात. पण खरेदीदारात फक्त बाई किंवा बायकाच पाहिजेत, नवऱ्याचं नाव सोबत टाकलं की सवलत गेली. आता नवरे लोक सवलतीसाठी खुशीनं बायकोच्या नावानं घेतात, चांगलंच आहे. मात्र हप्ता कुणाच्या खात्यातून जाते याची नोंद ठेवा. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल आणि घरखर्च तुमच्या पगारातून, हप्ता त्याच्या पगारातून अशी वाटणी असेल, तर ती आजच बदला. दहा वर्षांनी त्याच्याकडं फ्लॅट असते आणि तुमच्याकडं किराण्याच्या चिठ्ठ्या.

८. माहेरचा हिस्सा

हे वाचून काही जणी इथंच थांबतील, मला माहीत आहे. तरी लिहिते.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच कायदा बदलला होता, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली सुटल्या होत्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुलींना मिळालं, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. अर्थात २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटण्या होऊन गेल्या असतील तर त्या उघडता येत नाहीत. हिंदू वारसा कायदा बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे, मुस्लिम आणि ख्रिश्चन बायकांसाठी नियम वेगळे, त्यांनी आपल्या वकिलाला विचारावं.

प्रत्यक्षात काय होते? वडील गेले, तेरवी झाली, आणि भाऊ म्हणते, 'ताई, तहसीलमध्ये एक सही लागते.' ती सही हक्कसोड पत्राची, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याची असते. बदल्यात साडी, दिवाळीला बोलावणं, 'माहेर तुटायला नको.' तुम्हाला खरंच सोडायचं असेल तर सोडा, तो तुमचा निर्णय आहे, भावाची परिस्थिती बेताची असेल तर मीही कदाचित सोडेन. फक्त न वाचता सही करू नका. 'घरी नेऊन वाचते, चार दिवसांनी देते' एवढं म्हणायला भांडण लागत नाही. एकदा नोंदणीकृत हक्कसोड झालं की परत घेणं जवळपास अशक्य. शेती असेल, मग ती काटोल-नरखेडची संत्र्याची असो की भिवापूरची मिरचीची, तर सातबारा ऑनलाईन काढून वारस नोंदीत तुमचं नाव लागलं आहे का ते बघा. नाव लागणं आणि वाटणी मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव लावून ठेवा, वाटणीचं पुढं बघता येते.

९. स्वतःचा धंदा असेल तर

उद्यम नोंदणी सरकारी साईटवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या साईट दिसायला हुबेहूब असतात, त्यावर भरू नका. मुद्रा कर्ज बिनतारणाचं मिळते: शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. 'मुद्रा मंजूर झालं, आधी प्रोसेसिंग फी यूपीआय करा' असा फोन आला तर तो चोर आहे, बँक असं करत नाही. धंद्याचा क्यूआर कोड तुमच्या खात्याचा लावा. महालात कितीतरी दुकानात गल्ल्यावर बाई बसते आणि स्कॅनर मिस्टरांचा.

१०. मृत्युपत्र आणि फाईल

चाळिशीत कशाला मृत्युपत्र? तर ऐका. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची स्वतःच्या कमाईची मालमत्ता आधी नवरा आणि मुलांना जाते, आणि ते कोणीच नसतील तर नवऱ्याच्या वारसांना, आईवडिलांचा नंबर त्यांच्या मागून लागते. म्हणजे मुलं नसलेल्या विधवा बाईचा फ्लॅट, जिच्याशी बोलणंही नाही अशा सासरच्या माणसांकडं जाऊ शकते आणि म्हातारी आई बघत राहते. नॉमिनी आहे म्हणून चालत नाही, नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेणारा, मालक वारसच.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करून घेतलेली बरी. दोन साक्षीदार लागतात, त्यांच्यासमोर सही करायची आणि त्यांनीही तुमच्यासमोर करायची. साक्षीदार शक्यतो तुमच्यापेक्षा लहान वयाचे आणि ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या. ज्यांच्या घरात वाद होईल असं वाटते त्यांनी डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडा.

आणि एक फाईल करा, प्लास्टिकची साधी चालेल. त्यात खाती, पीपीएफ, फंडाचे फोलिओ, पॉलिसी, इंडेक्स टू, सोन्याची बिलं, कोणाला किती उसने दिले त्याची यादी, मृत्युपत्राची झेरॉक्स. पासवर्ड त्यात ठेवू नका. फाईल कुठं आहे ते घरातल्या एका माणसाला आणि घराबाहेरच्या एका माणसाला, बहीण, मैत्रीण, कोणीही, सांगून ठेवा. दर एप्रिलमध्ये, पोरांच्या परीक्षा आटोपल्या की, ती काढून नंबर आणि नॉमिनी ताजे आहेत का तेवढं बघायचं, दुपारच्या उन्हात तसंही कुठं बाहेर जाणं होत नाही.